दाखल्यापुरते पणजोबा

2023 च्या शेवटापासून आपल्या सातारा-सांगली भागात कुठल्याही पारावर, चहाच्या गाड्यावर नाहीतर लग्नाच्या मांडवात बसा, बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं, तुमची नोंद सापडली का? मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळावं या मागणीवरून न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि ज्यांनी आयुष्यात कधी पणजोबांचं नाव विचारलं नव्हतं अशी माणसं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमपुढं, जुन्या प्राथमिक शाळेत, मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभी राहायला लागली. त्यावरचा वाद आपण रोज ऐकतोय. एक बाजू म्हणते कागद आहे म्हणजे हक्क आहे. दुसरी म्हणते शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं काय लिहिलं त्यावर आजचे निर्णय कशाला घ्यायचे. आरक्षण कुणाला द्यावं हा फार मोठा प्रश्न आहे, तो मी इथं घेत नाही. पण या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मुकाट्यानं धरून चाललीये ती मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे जुना कागद, जुना फोटो, जुनी वस्तू यांची किंमत सरकारी कामापुरतीच. काम निघालं की माळा उपसायचा, काम झालं की सगळं परत रद्दीत.

माझं म्हणणं असं की घरातला हा ऐवज सांभाळणं ही साध्या माणसाची गरज आहे, वाडेवाल्यांची हौस नाही. कारण सरकार माणसं मोजतं, नावं घरात राहतात, आणि घरानं ती टाकली तर पुढं बहुतेक वेळा ती कुठंच सापडत नाहीत.

आता या वादात ज्या सातारा गॅझेटिअरचं, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचं, नाव एवढं गाजलं त्याचंच बघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेतला हा 19 वा खंड, 1885 चा. त्यात पिकं आहेत, घाट आहेत, बाजाराची गावं आहेत, कुठल्या जातीची किती माणसं हे आकडे आहेत. पण त्या आकड्यातला तुमच्या घरचा माणूस त्यात नावानं भेटणार नाही. नाव शोधायचं तर कोतवाल बुकात, शाळेच्या जनरल रजिस्टरला, फेरफाराला जायचं, आणि तिथंही काय मिळतं, तर कोण जन्मलं, कोण मेलं, जमीन कुणाच्या नावावर चढली. त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण, वाळवा, तासगाव, खानापूरकडची मंडळी जुन्या कागदावर सातारा जिल्ह्यात निघतात कारण 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली व्हायला 1960 उजाडलं, तर मिरज, सांगली, जत ही संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी. म्हणजे माणूस एकाच गावात राहिला तरी त्याचा कागद तीन ठिकाणी. हे सगळं जोडणारा धागा घरात असतो, आज्जीच्या तोंडी, पत्र्याच्या ट्रंकेत, देवघरामागच्या फोटोत. आणि आपण करतो काय, ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो म्हणून तेवढा एक कागद शोधतो, त्याला गरम लॅमिनेशन मारून त्याचं कायमचं नुकसान करतो आणि बाकीची ट्रंक भंगारवाल्याला देतो. त्या ट्रंकेत बैल विकल्याची पावती असते, सावकाराचं देणं फेडल्याची चिठ्ठी असते, मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डरची पावती असते. कुठल्याही दाखल्याला ती लागत नाही. पण आपलं घर दुष्काळात कसं तगलं हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

नाव हरवलं तर काय होतं याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण कामी आले. ते आणि आजूबाजूच्या गावांतले कितीतरी जण मेसोपोटेमियात म्हणजे आताच्या इराकमध्ये, फ्रान्समध्ये, कुठं कुठं गेले. इराकमधल्या बसऱ्याला त्या युद्धाचं मोठं स्मारक आहे आणि तिथं हिंदी फौजेच्या अधिकाऱ्यांची नावं कोरलीत, साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं 2021 च्या अहवालात स्वतःच कबूल केलं की 45 ते 54 हजार जणांची आठवण त्यांनी बरोबरीनं राखली नाही, त्यात भारतीय होते, आफ्रिकेतले होते, आणि माफीही मागितली. शंभर वर्षांनी. आता दुसऱ्या बाजूनं बघा, त्याच युद्धानंतर शिपायाला जे चांदीचं पदक मिळालं त्याच्या कडेवर त्याचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असायची. दगडावर नाव नाही पण घरात आलेल्या पदकावर आहे! आणि आपण ती पदकं सोनाराकडं नेऊन मोडली, पैंजण केले, करदोटे केले. गरिबी होती, दुष्काळ होते, मोडणाऱ्याला मी दोष देत नाही, पोटापुढं पदक काय करणार. पण आज ज्या घरात ते अजून कपाटात पडलंय तिथंही कडेवरचं नाव भिंगातून वाचून वहीत उतरवून ठेवलेलं फार क्वचित दिसतं, आणि याला गरिबीचं कारण चालत नाही.

यावर लगेच येणारा मुद्दा जागेचा. वाडे पाडून अपार्टमेंट झाली, वन बीएचकेत पणजोबांची पेटी ठेवायची कुठं? मुलगा पुण्यात भाड्यानं, मुलगी बेंगळुरूला, दर अकरा महिन्यांनी घर बदलायचं. ही अडचण खरी आहे, ज्यांची घरं मोठी आहेत त्यांनी यावर भाषण देऊ नये. आणि याला धरूनच दुसरा मुद्दा येतो की मोबाईलवर फोटो काढा, क्लाउडवर टाका आणि मूळ वस्तू सोडून द्या. अर्धं बरोबर आहे हे. स्कॅन केलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मोबाईलनं काढलेला फोटोचा फोटो म्हणजे स्कॅन नव्हे, ट्यूबलाइटची चकाकी, वाकडी कड आणि वरून व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेली फाईल, तिच्यात चेहरा ओळखू येतो पण अंगावरच्या कोटाचं बटन, मागच्या दुकानाची पाटी, भिंतीवरचं कॅलेंडर काही उरत नाही, आणि जुना फोटो कधीचा हे बऱ्याचदा त्या कॅलेंडरवरूनच कळतं. साधा फ्लॅटबेड स्कॅनर घेऊन 600 डीपीआयला, म्हणजे बारीक तपशील उतरेल एवढ्या दर्जाला, स्कॅन करा, फोटोची मागची बाजूपण करा कारण स्टुडिओचा शिक्का आणि कुणीतरी बोरूनं लिहिलेली ओळ मागंच असते. आणि डिजिटल म्हणजे कायमचं असं जे आपण धरून चालतो त्याला आधार काय? नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आज बुरशी धरून बसल्यात, 2005 च्या सीडी ड्राइव्हमध्ये घातल्या तर वाचल्या जात नाहीत, फोन बदलताना पासवर्ड गेला की अख्खा अल्बम गेला. उलट 1920-30 च्या साली मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कोरड्या जागी राहिला तर आजही डोळ्यात डोळे घालून बघतो. मग मूळ ठेवायचं ते किती? सगळं नाही. कुटुंबाचे वीस-पंचवीस फोटो, महत्त्वाचे दस्त, दोन-चार वस्तू, एवढं एका बुटांच्या खोक्यापेक्षा जास्त होत नाही. बाकीचं स्कॅन करून सोडलं तरी चालेल, पण आधी स्कॅन आणि मग सोडणं, हा क्रम उलटा होता कामा नये.

क्लाउडवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे आणि तो आपल्याला कृष्णेनं शिकवलाय. 2005, 2019, 2021. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत जिथं कधी पाणी येत नव्हतं तिथं पहिल्या मजल्याला लागलं, पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, धान्याची पोती आणि त्यात अल्बम. माणसं जीव वाचवून आली होती, अल्बम कोण बघतंय, आणि ते बरोबरच होतं. पण त्यातले कितीतरी फोटो वाचले असते. भिजलेला फोटो काचेला चिकटला असेल तर तो वाळला की कायमचा गेला, ओला असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायचा, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही कारण तो थर पाण्यानं फुगून मऊ झालेला असतो, आणि मग उन्हात न टाकता सावलीत, चेहरा वर करून वाळवायचा. एकदम एवढं करायला वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला तरी बुरशी थांबते. पंचायतीच्या पूर नियोजनाच्या बैठकीत बोटी, लाइफ जॅकेट, जनावरांचा चारा यांची चर्चा होते, व्हायलाच हवी. मग त्याच बैठकीत, पाणी यायच्या आत कागदपत्रं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात वरच्या मजल्यावर हलवा आणि एक कॉपी दुसऱ्या गावच्या पाहुण्याकडं ठेवा, एवढं सांगायला काय हरकत आहे?

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून राहिलाय. तो असा की कौटुंबिक इतिहास म्हणजे शेवटी घराण्याचा बडेजाव, तलवारी, सनदा, इनाम, आमच्या पूर्वजांनी अमकं जिंकलं. ज्यांच्याकडं वाडा होता त्यांच्याकडं कागद उरला, ज्यांना गावाबाहेर ठेवलं, ज्यांच्या नावावर वितभर जमीन नव्हती त्यांनी काय सांभाळायचं, अपमान? हा आक्षेप हलका नाही आणि इतिहासाकडं बघितलं तर बराच खरा आहे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे, त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून 1897 पासून छापायला काढली, एका मास्तरच्या पगारात. दुसऱ्याच वर्षी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला तो वाईतल्या एका घरात सापडलेल्या कागदांवर. ही माणसं नसती तर ते सगळं वाळवीच्या पोटात गेलं असतं, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण ते कागद कुणाचे होते? सरदारांचे, पेशव्यांचे, कारभाऱ्यांचे. सव्वाशे वर्षं झाली तरी शेतकऱ्याच्या घरचं दप्तर, बलुतेदाराच्या घरचं दप्तर, गिरणीत गेलेल्या माणसाची ट्रंक यांच्यासाठी तशी धडपड क्वचितच कुणी केली. पण म्हणून जपणंच सोडून द्यायचं, हे मला उलटं वाटतं. सोडून दिलं तर वाडेवाल्यांचे कागद राहतीलच, त्यांना संस्था आहेत, संग्रहालयं आहेत, अभ्यासक आहेत. जाणार कुणाचे? ज्यांच्याकडं एकच फोटो आहे त्यांचे.

आणि एक साधी नोंद किती मोठी होऊ शकते हे साताऱ्याइतकं कुणाला माहितीये? 7 नोव्हेंबर 1900 ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचा प्रवेश झाला, रजिस्टरला 1914 नंबरला भिवा रामजी आंबेडकर. लिहिणाऱ्या कारकुनाला तो एक प्रवेश होता, रोजच्यासारखा. ते रजिस्टर कुणीतरी उंदरांपासून, पावसापासून, रद्दीवाल्यापासून वाचवलं म्हणून आज महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वतनं गेली, महार वतन 1958 च्या कायद्यानं गेलं, त्या जमिनीच्या पावत्या, नवी शाळा, पहिली नोकरी, पहिला पगार, पहिला पक्का उंबरा, याचे कागद आणि फोटो ज्या घरात आहेत तिथला इतिहास कुठल्याही सनदेपेक्षा मोठा आहे असं मी मानतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवली हे आपण भाषणात सांगतो, पण त्या पोरांचे ग्रुप फोटो आज कुणाकुणाच्या घरात आहेत आणि त्यात तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण हे सांगणारी माणसं किती उरली? कोयनेच्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्या घरात जुन्या गावचा एखादा फोटो, घरपट्टीची एखादी पावती असेल तर शिवसागराखाली काय होतं याचा तेवढाच पुरावा. बडेजावाचा प्रश्नच येत नाही इथं, हा हिशोब आहे, कुणी काय सोसलं आणि कुणी काय कमावलं याचा.

बायकांचं तर विचारूच नका. आपली वंशावळ म्हणजे बाप, मुलगा, नातू, पणतू. वंशावळी सांगणारे हेळवी गावात येतात, त्यांच्या वहीत कितीतरी पिढ्या असतात, फार मोलाचं काम आहे त्यांचं, पण पणजीचं माहेर कुठलं हे त्या वहीवरून कळायचं नाही. सातबाऱ्यावर बाई आली तर विधवा म्हणून आली. लग्नात नावच बदललं जायचं, म्हणजे माहेरच्या कागदावर एक, सासरी दुसरं, दोन्ही बाई एकच हे सांगणारं घरात कुणी नसेल तर ती दोन्हीकडनं गेली. मग बाईचं नाव टिकलं कुठं? भांड्यावर. तांब्याच्या घागरीवर, पितळी डब्यावर, कळशीवर ठोकून घातलेली नावं, चि. सौ. कां. अमकी हिस लग्नात मामाकडून, तारीख, गाव. कुठल्याही रजिस्टरमध्ये न मिळणारी माहिती एका कळशीवर असते, नाव, नातं, गाव आणि साल. आणि हीच भांडी आपण किलोवर मोडीत घालतो आणि स्टीलचा सेट आणतो. भांडी वापरात नकोत, जड आहेत, कल्हई कोण करणार, सगळं कबूल. पण मोडीत घालायच्या आधी त्या अक्षरांवर खडूची पूड चोळून एक चांगला फोटो काढायला दोन मिनिटं लागतात. एखादी कळशी ठेवली तर उत्तमच, झाड लावा तिच्यात. फोटोंचंही तेच, जुन्या ग्रुप फोटोत पुरुषांची नावं मागं लिहिलेली सापडतात आणि बायका म्हणजे काकू, वहिनी, थोरल्या आत्या. थोरल्या आत्याला नाव होतं की!

राहिला भाऊबंदकीचा मुद्दा. जुने कागद उकरले की बांधाची भांडणं उकरतात, चुलत्यांनी हक्कसोड कशी घेतली, आत्यांचा हिस्सा कुठं गेला, सगळं बाहेर येतं, त्यापेक्षा झाकलेलं बरं, असं घरातली वडीलधारी माणसं मनापासून सांगतात. त्यांची भीती खोटी नाही, दिवाणी कोर्टात आयुष्यं गेलेली आपण बघितलीत. पण माझा अनुभव असा की भांडण पेटतं ते कागद एकाच्याच कुलपात असला की. बाकीच्यांना वाटत राहतं त्यात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. मूळ एकाकडं, स्कॅन सगळ्या भावंडांकडं, बहिणींकडंसुद्धा, आणि कुणाकडं काय आहे याची एक यादी सगळ्यांच्या सहीनं, असं झालं तर संशयाला जागा कमी राहते. आणि आत्यांचा हिस्सा खरंच गेला असेल तर तो झाकून ठेवणं याला शांतता म्हणता येईल का?

हे सगळं एकेका घरावर सोडून मात्र भागणार नाही. तरुण मुलांना रस नाही असं म्हणतात, मला ते खरं वाटत नाही, नोंदी शोधायला तीच मुलं सगळ्यात पुढं होती, रात्र-रात्र जुन्या याद्या चाळत बसली, मोडीचे क्लास लावले. त्यांना फक्त दाखल्यापलीकडं जायला वाट दिली पाहिजे. गावोगावी 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालची अनुदानित वाचनालयं आहेत, खोली आहे, टेबल आहे, बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर पण आहे. महिन्यातून एक रविवार तिथं स्कॅनर लावायचा, ज्याला जे आणायचं ते आणावं, स्कॅन करून मूळ लगेच हातात परत, एक कॉपी त्याला पेन ड्राइव्हवर, आणि त्याची इच्छा असली तरच एक वाचनालयात. गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना खुर्ची द्यायची, फोटोतली नावं ते सांगतील, शेजारी बसलेल्या पोरानं फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहायची, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढं उमटतो. नोंदींच्या निमित्तानं शासनानं मोडी वाचणारे शोधले, ते काम उद्या संपेल, त्यातला एक जण या रविवारी आला तर ट्रंकेतल्या न वाचलेल्या कागदांचं निदान काय आहे तेवढं तरी कळेल. हे काम आत्ताच करायची घाई एवढ्यासाठी की 1940-50 च्या फोटोतले चेहरे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं गेलीत, आणि त्यांच्यानंतर 600 काय नि 1200 काय, कितीही डीपीआयला स्कॅन केलं तरी नाव मिळणार नाही. खर्च म्हणाल तर एक स्कॅनर, दोन हार्ड डिस्क आणि बसणाऱ्यांचा चहा. गावच्या यात्रेला आणि कमानीला आपण लाखांनी वर्गणी काढतो, एवढं कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी कृष्णाकाठच्या गावांनी तरी ते सुरू करावं.